गप्प बसायची खोली

"तुमचं काय बाई, खुर्चीत बसून नुसतं बोलायचं काम!" असं मला ज्या ज्या लोकांनी ऐकवलं, त्यांना एकेकाला धरून कापसाच्या हंगामात धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक बोर्डावर बसवायला हवं होतं. एक पाळी, जास्त नाही. तो बोर्ड कधीच मोडीत निघाला, पण माझ्या कानात अजून अधूनमधून एक बारीक आवाज सुरू होतो, रातकिड्यासारखा. डॉक्टर म्हणतात, वय झालं. असेल बुवा.

ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं होती ती. परगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडे नंबर नोंदवायचा आणि मग वाट बघत बसायचं. आम्ही मधल्या गावांच्या एक्स्चेंजना हाका मारत मारत तो जोडून द्यायचो. समोर भिंतीएवढा बोर्ड, त्यात ओळीनं भोकं आणि बारके दिवे. डोक्याला हेडसेट, हाताशी पिना लावलेल्या दोऱ्या. दिवा लागला की पिन घालायची आणि 'नंबर प्लीज' म्हणायचं. लाइन मिळेना तर 'लाइन बिझी आहे, वाट बघा' म्हणायचं. कॉल लागला की 'बोला' म्हणायचं. तीन मिनिटं झाली की दोघांच्या बोलण्यात तोंड घालून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" कुणी वाढवायचे, कुणी खेकसायचे. कापसाचे दिवस आले की बोर्ड नुसता पेटलेला असायचा. धरणगावच्या जिनवाल्याला मुंबई हवी, चोपड्याच्या केळीवाल्याला दिल्ली हवी, आणि सगळ्यांना आत्ताच्या आत्ता हवी. तार तुटलेली असायची कुठल्या तरी शिवारात आणि शिव्या खायच्या मी.

मी धरणगावची. वडील जिनमध्ये सरकीच्या बाजूला कामाला होते. आम्ही बौद्ध, आमच्या गल्लीतली पहिली सरकारी नोकरीवाली बाई मी. लग्न होऊन धुळ्यात आले, पोरगी झाली, तिला सासूबाईंच्या ओटीत टाकून मी एक्स्चेंजात रुजू झाले. नवरा शिंदखेड्याला शाळेत मास्तर, सकाळच्या एसटीनं जायचा आणि दिवे लागल्यावर यायचा. नोकरी अजून पक्की व्हायची होती. तोवर वागणूक चांगली पाहिजे, तक्रार आली नाही पाहिजे, असं सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि माझा स्वभाव हा असा!

पहिल्याच दिवशी सुट्टीत डबा घेऊन बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत गेले. साधीच खोली, एक खाट, दोन बाकं, कोपऱ्यात माठ, खिडकीबाहेर लिंबाचं झाड. आत चौघीपाचजणी होत्या. मी दार लोटलं आणि म्हटलं, "येऊ का?" कुणी तोंड उघडलं नाही. सगळ्यांत वयस्कर होती तिनं, जिला सगळे अक्का म्हणायचे, हातानं बाकाकडे दाखवलं. बस. मी बसले. कुणी विचारलं नाही की बाई तू कुठली, माहेर कुठलं, पोरंबाळं किती. आडनावसुद्धा विचारलं नाही. आता हे ध्यानात घ्या की माझ्या आयुष्यात नवीन माणसानं मला आडनाव विचारलं नाही असं तोवर झालं नव्हतं. भाड्यानं खोली बघायला जा, बसमध्ये शेजारी बसा, दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न तोच. इथे विचारतच नाहीत म्हणजे यांना आधीच ठाऊक आहे, असा मी हिशेब केला. आणि ठाऊक आहे म्हणून गप्प आहेत.

तोंडावर कुणी काही बोलायचे दिवस गेले होते. आता लोक नुसते गप्प व्हायचे. आई मला लहानपणी सांगायची, "जिथं आपण गेल्यावर माणसं गप्प होतात तिथं दुसऱ्यांदा जायचं नाही." मी भिंतीकडे तोंड करून भाकरी संपवली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत पाय ठेवला नाही.

मग सुट्टीत मी जायची कुठे? खाली बुकिंगच्या टेबलापाशी. तिथे सगळा गलका. माझा कॉल का नाही लागला म्हणून भांडायला आलेली माणसं, चहावाला, सायकलींच्या घंट्या. मी हातात डबा धरून त्या माणसांशी भांडायची. हो, सुट्टीतसुद्धा! एकदा एक जण म्हणाला, "जेवणाच्या वेळी कशाला बोलताय बाई?" तर मी त्यालाही सुनावलं. वर आले की पुन्हा हेडसेट. म्हणजे सकाळी जे तोंड सुरू व्हायचं ते पाळी सुटेपर्यंत बंदच नाही.

घरी पोचायची तेव्हा माझ्यात बोलायला काही उरलेलं नसायचं. कुणी हाक मारली तरी अंगावर काटा यायचा. भांडं पडलं तरी ओरडायची. पोरगी दारात वाट बघत असायची, दिवसभराचं साठवून ठेवलेलं सांगायला, आणि मी चपला काढता काढताच म्हणायची, "लवकर बोल, काय ते." ती बिचारी एका दमात सांगून टाकायची. मांजर, पिल्लू, आजी पडली नाही पण पडणार होती, सगळं एकात एक. मी "हं, हं" करत आडवी व्हायची.

सासूबाई एक दिवस म्हणाल्याच, "जगभरना लोकेससंगे बोलस, पोरीसंगे बोलाले काय व्हस तुले?" मला इतका राग आला! पण त्या खोटं थोडीच बोलत होत्या? मी उशीत तोंड खुपसून पडून राहिले.

पोरीनं मग आपला एक खेळ काढला. सासूबाईंची जुनी पितळी बांगडी कानाला लावायची, तिला सुतळी बांधलेली, सुतळीचं दुसरं टोक माझ्या खाटेच्या पायाला. आणि म्हणायची, "हॅलो आई, तीन मिनिटं झाली. वाढवू का?" कुठून शिकली? नवऱ्यानं एकदा तिला एक्स्चेंजात आणलं होतं, तेव्हा ऐकलं असणार. पहिल्यांदा सगळे हसले. मीही हसले असेन. पण रोज संध्याकाळी तेच, "वाढवू का?" आणि मी रोज म्हणायची, "नको. कट कर." ती सुतळी गुंडाळून ओट्यावर जायची. असं होता होता तिनं विचारणंच सोडलं. आपलं आपण बोलायची, भराभर, आणि आपणच म्हणायची, "झालं. कट." मला ते कळत होतं. पोरगी हातातून चालली आहे हे दिसत होतं, आणि हात पुढे करायचंही माझ्या जिवावर येत होतं. इतकी मी दमले होते. लोकांना वाटतं दमणं म्हणजे पाय दुखतात, झोप येते. मला झोपही येत नव्हती. मला कुणी नकोच वाटायचं.

त्यात चोपड्याचा एक व्यापारी माझ्या वाट्याला आला. त्याचा दिल्लीचा कॉल काही केल्या लागेना. तो दर थोड्या वेळानं दिवा पेटवायचा आणि माझ्या आईबापाचा उद्धार करायचा. मी ऐकून घेतलं, ऐकून घेतलं, आणि मग अशी काही बोलले की शेजारच्या दोघींनी वळून पाहिलं. वर पिन उपटून त्याला तसाच लोंबकळत ठेवला. झाली तक्रार. सुपरवायझरनं बोलावून सांगितलं, "बाई, एवढी मी पोटात घालतो. पुढची वर जाईल. मग नोकरी पक्की व्हायची आशा सोडा." मी मान डोलावली. वाद घालायचंही त्राण नव्हतं, यावरूनच काय ते समजा.

त्यानंतर काही दिवसांनी ते झालं. भर दुपार होती. दिवा लागला, मी पिन घातली, तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. घसा बसला नव्हता. शब्दच येईनात. कानात पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करतोय, समोर आणखी दिवे लागतायत, आणि मी तोंड उघडं टाकून बघत बसलेय. शेजारी अक्का होत्या. त्यांनी एका हातानं आपला कॉल सांभाळत दुसऱ्या हातानं माझी दोरी ओढून घेतली, माझ्या माणसाला "नंबर प्लीज" म्हटलं, आणि त्यांच्या जागेवर बदली बाई आली तसं माझं मनगट धरून मला उठवलं. सुपरवायझर काही विचारायच्या आत आम्ही बाहेर होतो.

त्यांनी मला नेलं ते थेट त्या खोलीत. दारातच माझा आवाज परत आला. आणि आला तो असा, "मला इथं कशाला आणलं? इथं माझ्याशी कुणी बोलत नाही ते का मला कळत नाही? मी कोण आहे ते माहीत आहे म्हणून ना?"

आत दोघी बसल्या होत्या. एकीच्या कानांवर ओला रुमाल, दुसरी शेंगा सोलत होती. दोघींनी चमकून अक्कांकडे पाहिलं, पण बोललं कुणीच नाही. अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला मागे ढकलत पुन्हा जिन्यापर्यंत आणलं. तिथे त्यांनी तोंड उघडलं. बोर्डावर त्या अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण तेव्हा त्यांची शिरपुराकडची बोली बाहेर आली.

"अवं बाई, आठे कोनी कोनासंगेच बोलत नही! तुले काय वाटनं, तुन्हासंगेच बोलत नही?"

मग त्यांनी सांगितलं. माझ्या आधी काही वर्षं तिथे एक बाई होती. कामाला वाघीण. एका हंगामात ती घरी गेल्यावरही थांबेना. ताटावर बसली तरी "नंबर प्लीज", नवऱ्यानं हाक मारली तरी "लाइन बिझी आहे". सासरच्यांनी देवऋषी केले, माहेरी नेऊन ठेवली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून या बायकांनी आपसात ठरवलं की त्या खोलीत बोलायचं नाही. सुखदुःख नाही, गाऱ्हाणं नाही, साडीचं कौतुक नाही. सुट्टीभर तोंडाला आणि कानाला सुट्टी. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुठल्या कागदावर नव्हतं. सुपरवायझरला तर वाटायचं की बायकांचं भांडण झालंय. त्यानं एकदा पेढे आणून समेट घडवायचा घाट घातला होता म्हणे.

"मग मला सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं.

"सांगणार कुठे? खोलीत बोलायचं नाही, बोर्डावर वेळ नाही. आम्हाला वाटलं, चार दिवस बसलीस की तुझं तुलाच कळेल. सगळ्यांना असंच कळलं. तू दुसऱ्या दिवसापासून आलीच नाहीस."

मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला चार दिवस बसून कळलं असतं. मला पहिल्याच दिवशी जे कळायचं ते कळलं."

मला काय म्हणायचं आहे ते हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. जिन्याच्या कठड्यावर त्या बोट घासत राहिल्या. "हाई मन्हा ध्यानमाच नही उनं," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं. त्यांना कधी कुठे ते सोसावं लागलं नव्हतं. मी तेव्हाही माफी मागितली नाही आणि मागायला हवी होती असं आजही मला वाटत नाही. बाकी ठिकाणी माझा अंदाज सहसा बरोबर निघायचा. त्या खोलीपुरता चुकला.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत अक्का मला बरोबर घेऊन गेल्या. दार लावलं, आणि खोलीच्या मधोमध उभं राहून, चांगल्या खणखणीत आवाजात बोलल्या, "ही धरणगावची. हिची पोरगी चार वर्षांची आहे. इथली रीत हिला आपण कुणीच सांगितली नाही, ही आपली चूक. आणि आज हिच्या डब्यात काय आहे ते मला बघायचं आहे." बाकीच्या आ वासून बघायला लागल्या, त्या खोलीत माणसाचा आवाज म्हणजे नवलच. अक्कांनी माझा डबा उघडला, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा अर्धा तुकडा मोडून घेतला, वर ठेचा घेतला, आणि बाकावर बसून खायला लागल्या. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी खात राहिल्या. शेंगावालीनं हसू दाबायला तोंडाला पदर लावला. मग तिनंही हात पुढे केला. त्यानंतर त्या खोलीत अक्कांना बोलताना मी कधी ऐकलं नाही.

मी बसायला लागले. सुरुवातीला छळ होता नुसता. बाहेरचा आवाज बंद झाला की आतला सुरू व्हायचा. त्या व्यापाऱ्याच्या शिव्या, सुपरवायझरचं बोलणं, सासूबाईंचं बोलणं, सगळं एकदमच लाइनवर. आमच्याकडे पौर्णिमेला विहारात डोळे मिटून बसतात; मला तिथंही कधी धड बसता आलं नव्हतं. वाटायचं, उठून चालू पडावं. पण बाकीच्या बसलेल्या असायच्या, मग मीही बसायची. एकदा असंच बसले असताना माठातून खाली भांड्यात थेंब पडतोय तो मला ऐकू आला. बराच वेळ ऐकला. तो रोजच पडत असणार की! त्या दिवशी बोर्डावर परत गेल्यावर पहिल्या माणसाशी मी नीट बोलले. तो वैतागलेलाच होता, पण मी नीट बोलले.

अक्कांनी जिन्यात आणखी एक शिकवलं. पाळी सुटली की धावत घरी जायचं नाही. लिंबाखाली घटकाभर उभं राहायचं, कानाच्या पाळ्या चोळायच्या, घोट घोट पाणी प्यायचं, मग चालायला लागायचं. "घरात शिरल्या शिरल्या रागाचं बोलायचं नाही, एवढं जमलं तरी पुष्कळ," म्हणाल्या. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय? पण दुसरं काही करायचं बळही नव्हतं, म्हणून तेच केलं.

काम कमी झालं नाही. शिव्या कमी झाल्या नाहीत. दमणंही होतंच. फक्त घरी पोचल्यावर थोडंसं काहीतरी शिल्लक असायला लागलं. पुढची तक्रार झाली नाही आणि नोकरी पक्की झाली. घरात सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण माझा जीव अडकला होता दुसरीकडे. पोरगी आता दारात उभी राहत नव्हती.

एका संध्याकाळी मी आले तेव्हा ती ओट्यावर बांगडी आणि सुतळी घेऊन बसली होती. उन्हाळा लागला होता, सासूबाई अंगणात पाणी मारत होत्या. मी चपला काढल्या, तिच्याशेजारी बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि घाईघाईनं सांगून टाकलं, "आजीनं कुरडया केल्या, मी चीक खाल्ला, जीभ भाजली, झालं, कट." आणि उठायला लागली.

मी सुतळीचं टोक कानाला लावलं. म्हटलं, "ऑपरेटर, कट नका करू. कॉल वाढवा."

ती थबकली. मला वाटलं, आता हसेल, गळ्यात पडेल. तिनं बांगडी कानाला लावली, तोंड अगदी माझ्यासारखं केलं, आणि म्हणाली, "लाइन बिझी आहे. वाट बघा." आणि बांगडी टाकून शेजारच्या पोरींत खेळायला पळाली.

माझेच शब्द, माझाच सूर. असं काही लागलं मनाला की विचारू नका. सासूबाई पाणी मारता मारता थांबल्या. आत जाऊन पडावं असं वाटलं, पाय तर तिकडेच ओढत होते. पण दिवसभर मी लोकांना सांगत होते ना, वाट बघा, वाट बघा? तेही बघतच होते. मी तिथेच बसले, सुतळी हातात धरून. नवरा आला, आत गेला, कपडे बदलून चहा पिऊन पुन्हा बाहेर आला, मी बसलेलीच. "काय झालं?" म्हणाला. मी म्हटलं, "कॉल लावलाय." त्याला काही कळलं नाही.

चांगलं अंधारलं तशी ती आली. पाय धुळीनं भरलेले, केस विस्कटलेले. मी अजून तिथेच आहे हे पाहून तिला नवल वाटलं असावं. मग जवळ येऊन बसली, बांगडी शोधून कानाला लावली आणि म्हणाली, "आई, तुमचा कॉल लागला. बोला."

दिवसभरात किती जणांना मी 'बोला' म्हणायची! मला कुणी म्हटल्याचं आठवेना. मी तोंड उघडलं, आणि कुरडयांचं विचारणार होते, जीभ भाजली त्याचं विचारणार होते, पण बाहेर आलं ते भलतंच.

"मी फार दमलेय गं," मी म्हटलं.

तिनं बांगडी दुसऱ्या कानाला लावली, नीट घट्ट धरली.

"ऐकू येतंय," ती म्हणाली. "बोला, बोला."